शीळफाट्याचा चहा

आमच्याकडे पोरगी द्यायची असली की पोराआधी घर बघतात. पोरगा काय, आज असा, उद्या तसा. घर मात्र खोटं बोलत नाही, असं अण्णा म्हणायचे. अण्णा म्हणजे सहदेवचे चुलते. खडवलीच्या आसपास कुणाचीही पोर उजवायची असली की माणसं अण्णांना पुढे घालून स्थळ बघायला जात. तिथे गेल्यावर अण्णा फारसं बोलायचे नाहीत. आधी मोरी बघायचे, मग गोठा, मग पाणी कुठून भरतात ते. घरातली सून पाण्याचा तांब्या घेऊन आली की तिच्या तोंडाकडे नीट बघून घ्यायचे. आधीची सून सुखात असली तर आपली पोर सुखात राहील, हा त्यांचा साधा हिशोब होता.

आणि हे सगळं बघून होईपर्यंत चहाला हात लावायचा नाही. चहा घेतला म्हणजे शब्द दिला, मग मागे फिरणं नाही. पसंत नसलं तर "आमचा आत्ताच झाला" असं म्हणून कप तसाच ठेवून उठायचं. समोरचे समजून जात, कुणाला वाईट बोलायची वेळ येत नसे.

पद्धत वाईट नव्हती. तिच्या जिवावर आमच्या कितीतरी पोरी नीट नांदल्या. पण सहदेवने ती कॉलेजला लावली, आणि तिथे सगळं फिसकटलं.

विनिता सहदेवची एकुलती एक. बारावी सायन्सला तिला चांगले मार्क पडले आणि तिला नर्स व्हायचं होतं. ती काही हौस नव्हती. ती लहान असताना तिच्या आईच्या, नयनच्या पायात भातलावणीच्या चिखलात काच गेली आणि पाय मांडीपर्यंत सुजला. इस्पितळात सगळे नुसते धावत होते. एका नर्सने सगळ्यांना बाहेर काढलं, नयनचा हात मांडीवर घेतला आणि न सापडणारी शीर शोधून काढली. विनिता ते दाराच्या फटीतून बघत होती. तेव्हापासून घरात कुणाला लागलं-खुपलं की पट्टी तीच बांधायची. बैलाच्या खांद्याला जखम झाली तर तिथेही हीच हळद घेऊन हजर.

निकाल लागला तेव्हा शेतात भाताच्या रोपांचा राब चांगला वर आला होता. रोपं उपटायची, मुळांची माती झटकायची, मूठभर झाली की बांधून बाजूला टाकायची, असं सगळ्यांचं चाललं होतं. विनिता आदल्या दिवशी कल्याणला तिच्या नीला मॅडमना भेटून आलेली. मॅडम तिला बायोलॉजी शिकवायच्या.

"काय बोलल्या मॅडम?" सहदेवने खाली मान घालूनच विचारलं.

"बोलल्या, बिल्डिंग बघू नको. आधी नर्सिंग कौन्सिलची मान्यता आहे का ते बघ. मग तिथून शिकून बाहेर पडलेल्या मुली शोध, त्या आता कुठे आहेत ते विचार. आणि त्यांचं स्वतःचं हॉस्पिटल आहे का बघ. पेशंटच नसले तर शिकणार कशावर?"

"म्हंजे आमी बघतो तसंच की," सहदेवला बरं वाटलं. "नांदनाऱ्या पोरी बघायच्या."

"त्या सोबत येते बोलल्यात, बाबा."

"त्या कशाला?" सहदेवने मूठ बांधून मागे टाकली. "बाहेरचं मानूस घेऊन कोन स्थळ बघतं गो? अण्णा येतील."

नयन काहीतरी बोलणार होती. तिने नवऱ्याकडे बघितलं आणि परत रोपांत हात घातला.

आधी ठाण्याला गेले. कोपरीच्या बाजूला उतरून चालत जाण्यासारखं होतं. एका जुन्या ट्रस्टचं इस्पितळ आणि त्याच्याच मागे नर्सिंगचं कॉलेज. मॅडमनी ते पहिलं सांगितलं होतं, सरकारी यादीतून तिथे प्रवेश मिळायचा. त्या यादीचा फॉर्म विनिताने मॅडमकडे बसूनच भरला होता. अण्णांनी धुतलेली टोपी घातली होती. सहदेवने पाय दगडाने घासघासून धुतले होते, तरी लावणीच्या दिवसांत नखांत बसलेला चिखल काही निघत नाही. तो नव्या चपलांत पाय आत ओढून चालत होता.

गेटवरच्या वॉचमनने हात आडवा केला. "पेशंट का नाम?"

"पेशंट नाय. कॉलेज बघायचंय," सहदेव म्हणाला.

"कॉलेज क्या देखने की चीज है? लिस्ट में नाम आया तो आना. उधर साइड में हो जाओ, गाडी आ रही है."

ते भिंतीकडेला सरकले. तिथे कचऱ्याचे पिवळे डबे होते. अण्णांनी नाकाला उपरणं लावलं. गाडी आत गेली, दुसरी आली, पाऊस भुरभुरत राहिला, आणि बसा म्हणायला कुणी आलं नाही. सहदेव दोनदा गेटपाशी जाऊन आला. दुसऱ्या वेळी वॉचमनने त्याच्या पायांकडे बघितलं आणि मोबाईलमध्ये तोंड घातलं. सहदेवला ते फार लागलं. गावात त्याला कुणी उंबऱ्याबाहेर उभं केलं नव्हतं.

तेवढ्यात आतून एक मुलगी बाहेर आली. युनिफॉर्म चुरगळलेला, डोळ्यांखाली काळं, हातात वडापावचा कागद. विनिताला बघून थांबली.

"ॲडमिशनला आलीयस?"

"हो. म्हणजे बघायला."

"घे इथेच. जीव काढतात गं, पाय तुटतात वॉर्डात. पण शिकवतात." उरलेला घास तोंडात कोंबून ती पळत आत गेली.

विनिता तिच्याकडे बघत राहिली. अण्णाही बघत होते.

"बघितलीस?" परतीच्या वाटेवर अण्णा सहदेवला म्हणाले. "कशी वाळलेय पोर. खायला वेळ नाय तिला. सून सुखात नाय त्या घरात. आनि मानूस दारात भिजतं तरी पानी विचारीत नाय."

"अण्णा, ती चांगलं बोलली," विनिता म्हणाली.

"नव्या सुना चांगलंच बोलत्यात."

मग शीळफाट्याला गेले. तिथल्या कॉलेजचा फलक अण्णांच्या भाच्याने रिक्षाच्या मागे वाचला होता. खाली दुकानं, वर काचेची इमारत. जिना चढून जाईपर्यंत एक तरणा माणूस दार उघडून पुढे आला आणि वाकून अण्णांच्या पाया पडला. हा मितेश सर.

"या काका, या बाबा. उन्हा-पावसाचे लांबून आलात. आधी बसा."

बसायला गुबगुबीत खुर्च्या. सहदेव चपला बाहेर काढायला लागला तर मितेशने त्याला हाताला धरून आत नेलं. "राहू द्या हो बाबा. शेतकऱ्याच्या पायाची माती म्हणजे लक्ष्मी." सहदेवचे डोळे भरून आले. ठाण्याच्या गेटवर जे गेलं होतं ते इथे परत मिळालं, असं त्याला वाटलं. मला तर वाटतं, त्याचा निकाल तिथेच लागला होता.

पाणी घेऊन एक मुलगी आली. कडक इस्त्रीचा पांढरा युनिफॉर्म, केसांत पिन, तोंडभर हसू. नाव ऐश्वर्या. अण्णांनी नेहमीप्रमाणे तिच्या तोंडाकडे नीट बघितलं आणि सहदेवकडे बघून हळूच मान हलवली. ती तिथे शिकत नव्हती, आल्यागेल्याला पाणी द्यायला ठेवलेली होती, हे पुष्कळ पुढे कळलं.

"सर, कौन्सिलची मान्यता आहे का?" विनिताने विचारलं. वाटेभर ती हे वाक्य मनात घोकत आली होती.

मितेश हसला. "हुशार आहे हां मुलगी. प्रोसेसमध्ये आहे बेटा, या वर्षी येतेच आहे."

"आणि हॉस्पिटल कुठलं? इथून शिकून गेलेल्या मुली..."

"विनी," अण्णा म्हणाले. "मोठी मानसं बोलत्यात ना?"

तिने बापाकडे बघितलं. सहदेवला तिचं विचारणं चुकीचं वाटलं होतं असं नाही. पण स्थळ बघायला आल्यावर पोरीने स्वतः तोंड उघडावं, याचीच त्याला लाज वाटली. तो भिंतीवरच्या गणपतीकडे बघत बसला.

चहा आला. कपबशीत, वर वेलची तरंगत होती. सहदेवने अण्णांकडे बघितलं. अण्णांनी टोपी सारखी केली आणि कप उचलला. मग सहदेवने उचलला. विनिता आपला कप हातात धरून बसली. त्यावर साय धरायला लागली.

"घे ना बेटा," मितेश म्हणाला.

"घे गो," सहदेव म्हणाला.

तिने घेतला. मग पेढा आला, आणि सहदेवने पिशवीतून पोरीचा शाळा सोडल्याचा मूळ दाखला काढून मितेशच्या हातात दिला. देताना तो उठून उभा राहिला होता आणि दोन्ही हातांनी दिला.

लावणी ऐन भरात आली. आमच्याकडे लावणी सावडीने होते. आज सगळे तुझ्या शेतात, उद्या सगळे माझ्या. मजुरी नाही; ज्याच्याकडून हात घेतले त्याला हात परत द्यायचे, मग अंगात ताप असो की घरात पाहुणे. त्या दिवशी सहदेवच्या खाचरात सगळी भावकी वाकली होती. विनिताचा फोन प्लास्टिकच्या पिशवीत बांधावर होता. तो वाजला तशी ती चिखलातून निघाली, हात ओढणीला पुसून वाचू लागली, आणि तिथेच खाली बसली.

"काय झाला गो?" नयनने ओरडून विचारलं.

"ठाण्याच्या यादीत नाव आलं. दुसऱ्या यादीत." तिचा आवाज फुटला. "आई, माझं नाव आलं."

बाया सरळ झाल्या. कुणी चांगलं झालं म्हणालं, कुणी हसलं. सहदेव वाकलेलाच राहिला. त्याने हातातली मूठ लावून संपवली, मग वर आला.

"बाबा, परवापर्यंत जायचंय. शीळफाट्यावरून दाखला तेवढा परत आणायचा. मी जाते, तुम्ही नका येऊ."

"आपुन चहा घेतलाय तिथं."

"बाबा, ते कॉलेज आहे. लग्न नाहीये."

"त्या मानसानं अण्णांचे पाय धरले. मी शब्द दिला. आता त्याच्या दारात जाऊन सांगू, दुसरीकडं बरं मिळालं, दे माझं परत?"

"तुमी दिला. मी नाय दिला." राग आला की तीही आमच्यासारखंच बोलायची.

"तू पन घेतला चहा," सहदेव म्हणाला. तो हे चिडून बोलला नाही, म्हणून जास्तच वाईट.

याच्यामागे एक जुनी गोष्ट होती, ती सगळ्या गावाला माहीत होती. सहदेवच्या थोरल्या बहिणीच्या वेळी माणसं येऊन चहा पिऊन गेली, आणि लग्न महिन्यावर आलं असताना त्यांना वरचढ घर मिळालं. आपली बहीण वर्षभर उंबऱ्याबाहेर पडली नाही, हे सहदेवने लहानपणी बघितलं. शेवटी ती बिजवराला दिली. शब्द मोडणाऱ्या माणसांविषयी त्याच्या मनात तेव्हापासून जी किळस बसली ती गेली नाही. फक्त शब्द कुणाला दिलाय हे बघावं लागतं, एवढं त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

नीला मॅडमचा फोन आला. सहदेव बांधावर पाठमोरा उभा राहून बोलला. "व्हय मॅडम. तुमी सांगता ते बरोबर. पन आमचं ठरलंय आता. व्हय. नाय मॅडम, रागावू नका." फोन ठेवून तो परत खाचरात उतरला.

संध्याकाळी बांध चढताना त्याचा पाय घसरला आणि कोयता पोटरीला लागला. विनिताने मुकाट्याने जखम धुतली, हळद भरली, घट्ट पट्टी बांधली. "उद्या पाण्यात पाय घालू नका," एवढंच म्हणाली. दुसऱ्या दिवशी अण्णांच्या शेताची सावड होती. सहदेव लंगडत गेला आणि दिवसभर चिखलात उभा राहिला. विनिता त्याच्या शेजारच्याच ओळीत होती. बापाच्या पोटरीवरून पाण्यात उतरणारा लाल दोरा तिला दिसत होता. त्यानंतर तिने ठाण्याचं नाव काढलं नाही. ज्या माणसाने स्वतःला सूट दिली नाही, त्याच्याकडे सूट मागायची कशी?

ठाण्याची मुदत टळली. विनिता शीळफाट्याला जाऊ लागली.

ती वर्षं कशी गेली हे तिने बापाला सांगितलं नाही. सासरचं गाऱ्हाणं माहेरी सांगू नये तसं ती वागली. आईला तेवढं थोडं थोडं कळत गेलं. इंजेक्शन द्यायला शिकवलं ते उशीवर. हॉस्पिटल म्हणून ज्या नर्सिंग होमला पाठवायचे तिथे पोरींना चादरी बदलायला आणि लादी पुसायला लावायचे. मान्यता प्रोसेसमध्येच राहिली. मितेश सर दरवेळी येतेच आहे म्हणायचा, आणि अण्णांची तब्येत न चुकता विचारायचा. सहदेव मात्र गावात सांगत फिरायचा, आमची विनी नर्स होतेय. कुणाला ठेच लागली तरी म्हणायचा, घरी ये, विनी बघंल.

शेवटी सोनेरी कडेचं सर्टिफिकेट मिळालं. नयनने ते देवापुढे ठेवलं. दिवाळी होऊन गेल्यावर विनिता ते घेऊन कल्याणच्या एका इस्पितळात मुलाखतीला गेली, सहदेव बाहेर बाकावर बसला. आतल्या मेट्रन वयस्क होत्या. त्यांनी कागद उलटा करून बघितला.

"बाळ, कौन्सिलचा नंबर कुठे आहे?"

"तो यायचाय, मॅडम."

मेट्रननी चष्मा काढून ठेवला. मग म्हणाल्या, "तो येणार नाही गं. याच्यावर तुला कुणी नर्स म्हणून ठेवणार नाही. तुझ्याआधीही आल्या होत्या अशा." त्यांनी कागद परत दिला. "आया म्हणून जागा आहे. बघ."

विनिता बाहेर आली. सहदेव उठून उभा राहिला, हसत होता. तिने कागद पिशवीत घातला, आणि त्याचं हसू तोंडावरच वाळलं.

तिथूनच दोघं शीळफाट्याला गेले. जिना तोच होता. वर काचेच्या दाराआड बाथरूमच्या फरशा मांडल्या होत्या, रांगेने, गुलाबी आणि निळ्या. मितेशचा फोन बंद होता. सहदेवने तिथल्या माणसाला विचारलं, "हितली मानसं कुठं गेली?"

"कौन लोग? हम तो दिवाली से इधर हैं."

सहदेव जिन्याच्या पायरीवर बसला. फरशी बघायला येणारी माणसं त्याला वळसा घालून वर जात होती. विनिता शेजारी बसली.

"विनी," तो म्हणाला, "मी त्यांची मोरी बघितलीच नाय गो."

एवढं बोलून तो रडायला लागला, पायरीवरच, लोकांच्या देखत. विनिताने त्याच्या पाठीवर हात ठेवला. तिला रडू आलं नाही. कुणाची नाडी बघावी तसा तिने त्याचा हात हातात धरला होता.

आता ती डोंबिवलीत एका आजारी म्हातारीकडे राहते. उठवणं, अंघोळ, कूस बदलणं, लंगोट. म्हातारीच्या अंगावर एक जखम होऊ दिली नाही तिने. घरातली माणसं चांगली आहेत, पण बाहेर कुणाला सांगताना 'आमची बाई' म्हणतात. इंजेक्शन द्यायला खालच्या दवाखान्यातून नर्स येते. शीर सापडेना झाली की विनिता हळूच बोट ठेवून दाखवते आणि बाजूला होते.

पुन्हा बारावीचे मार्क हातात घेऊन कुठल्या कॉलेजच्या दारात बसायला तिचं मन होत नाही. नीला मॅडम अजून फोन करतात. ती "बघते" म्हणते.

यंदा लावणीला ती रजा घेऊन आली होती. अण्णांच्या नातीची, सान्वीची बारावी झाली होती. अण्णा आता काठी टेकत चालतात. आदल्या दिवशी ते सहदेवकडे आले होते. "सहदेव, सान्वीसाठी कॉलेज बघायला जायचंय. येतोस ना?" सहदेव उठून गोठ्यात गेला आणि अण्णा जाईपर्यंत बैलाला खाजवत राहिला. अण्णांना कळायचं ते कळलं असावं. तेही मग कुठे गेले नाहीत.

खाचरात सान्वी विनिताच्या शेजारी वाकली होती. पाऊस थांबला होता, पाण्यावर आभाळ पडलं होतं.

"ताई, मी कुठलं घेऊ?"

"नावावर जाऊ नको," विनिता म्हणाली. तिचे हात चालूच होते. "मान्यता ऑनलाइन बघ, त्यांच्या तोंडी विश्वास ठेवू नको. तिथल्या पोरींशी बाहेर गाठून बोल, ऑफिसात नाही. दमलेल्या असतील तर घाबरू नको, शिकणारं माणूस दमतंच. गेटवर हाकललं तर दुसऱ्या दिवशी परत जा."

"आणि?"

"आणि सगळं विचारून होईपर्यंत त्यांचा चहा घेऊ नको."

एव्हाना नयन किटली घेऊन बांधावर आली होती. पहिला कप तिने सहदेवच्या हातात दिला होता. त्याने तो तोंडापर्यंत नेला, विनिताचं बोलणं कानावर पडलं आणि तो कप तसाच धरून राहिला. सान्वीने खाली मान घातली. चहावरची वाफ संपली तरी तो प्यायला नाही, आणि ठेवताही येईना त्याला.

विनिता सरळ झाली. कंबरेवर हात ठेवून तिने बापाकडे बघितलं. त्याचे केस तिला एकदम पांढरे दिसले.

"बाबा, घ्या तुम्ही," ती म्हणाली. "हा आपल्या घरचा आहे."

सहदेवने तो गार चहा उभ्या उभ्याच प्यायला. रिकामा कप त्याने बांधावर पालथा घातला, आणि चिखलात उतरून तिच्या शेजारच्या ओळीत वाकला.